गुरुवारी बंद

डॉक्टर म्हणाले, साखर चालून उतरवा.
भाची सावनी म्हणाली, मामा, नुसतं चालून तू कंटाळशील,
आणि तिने माझ्या फोनात एक जंगल घालून दिलं.

तेव्हापासून रात्रीची जेवणं झाली
की मी कोथरूडभर जनावरं धरत हिंडतो.
करिष्मापाशी, सिग्नलच्या खांबाखाली
शेपटीला दिवा असलेलं कासव.
मृत्युंजयेश्वराच्या मागे उडता कांदा,
तो तीनदा निसटला.
एका बंगल्याच्या फाटकावर तर पाटीच आहे:
"मोबाईलमधले प्राणी आमच्या आवारात शिरत असल्यास
आम्ही जबाबदार नाही. बेल वाजवू नये."
मी वाजवली नाही.
चव्वेचाळीस वर्षांचा माणूस,
कुंपणावरून फोन आत धरून
जास्वंदीतलं काहीतरी पकडून आला.

काल डहाणूकरच्या आतल्या गल्लीत
नकाशावर एक ठाणं लुकलुकलं.
ठाणं म्हणजे देऊळ, पुतळा, निदान एखादा बाक.
इथे निळे पत्रे. पत्र्यांमागे
तीन मजले खोल खड्डा,
पत्र्यांवर रंगवलेले चोवीस मजले आणि एक हसरं कुटुंब.
फोन मात्र ठाम होता:
ठाणं खड्ड्याच्या बरोबर मधोमध,
हवेत.

फोटो उघडला.
अर्धं वर केलेलं शटर, दारात लुना,
पिवळ्या ऑइलपेंटमध्ये "भोंडवे व्हिडीओ गेम्स".
खाली वर्णनाच्या जागी
कुणीतरी दोनच शब्द भरलेले:
गुरुवारी बंद.

रुपयाला एक पितळी टोकन,
टोकनात तीन जीव.
टीव्हीवरचा खेळ मध्येच थिजला
की भोंडवे कार्ट्रिज उपसून फुंकर घालायचे,
पोराच्या सोललेल्या गुडघ्यावर घालतात तशी,
आणि खेळ खरंच बरा व्हायचा.
कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनवर
पहिल्या दहांत आलात तर तीन अक्षरं लिहू द्यायचे.
मी केएलपी.
माझ्या डोक्यावर कायम एक झेडझेडटी.
माझी शाळा सकाळची, त्याची बहुधा दुपारची,
दोन वर्षांत एकदाही गाठ पडली नाही.
मी चारशे गुणांनी वर जायचो,
दुसऱ्या दिवशी तो पाचशेने.
बटणावर कधी कधी त्याच्या बोरकुटाचा चिकटपणा असायचा.
मी तो शर्टाला पुसायचो, आणि सुरू.

गुरुवारी वीज जायची, सकाळपासून, दुरुस्तीची.
मशीन विझलं की दहाच्या दहा नावं गेली.
शुक्रवारी केएलपी नाही, झेडझेडटी नाही,
यंत्राने स्वतःच भरलेली दहा खोटी नावं.
भोंडवे म्हणायचे, रडता काय,
पाटी कोरी मिळाली की लिहायला बरं.
आम्हाला नको होती कोरी.

फोटो कोणी टाकला, तिथे नाव नव्हतं.
पण गुरुवार ध्यानात ठेवणारा माणूस म्हणजे
बुधवारी संध्याकाळी
ज्याच्यापाशी घालवण्यासारखं काही होतं.
भोंडवे पाट्या वाचून दाखवणाऱ्यांतले नव्हते.
मी? मी तर नाही टाकला.

"साहेब, फ्लॅट बघायचाय का?"
वॉचमनने टॉर्च माझ्या तोंडावर मारला.
"ऑफिस सकाळी दहाला उघडतं."
म्हटलं, इथे एक दुकान होतं.
"असेल," तो म्हणाला, आणि टॉर्च खड्ड्याकडे वळवला,
जणू असलंच तर दिसेल.
खाली पाणी साचलं होतं. पंप चालू होता.

मी ठाणं बोटाने गरकन फिरवलं.
दोन गोळे मिळाले आणि एक अंडं,
पाच किलोमीटर चाललात तर उबेल म्हणे.
तेवढ्यात बॅटरी संपली.
कासव, कांदा, अंडं, नकाशा, सगळं काळं.
सावनी सांगते, काळजी नको मामा,
सगळं सर्व्हरवर असतं, काही जात नाही.

पत्र्याला हात लावून थोडा वेळ थांबलो.
मग घरी निघालो, अकराशे पावलं असतील,
ती कुठेच लागली नाहीत.